पेद्रूची शेकोटी

बारोनेझा, म्हणजे सरदारीणबाई, अशा नावाची ती शेळी त्या दिवशी कळप सोडून गेली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आमची फ्राझिया मावशी म्हणते, शेळीला देवानेच वाट दाखवली. बाकीचे म्हणतात, शेळी मुळातच चोरटी. दोन्ही खरं असू शकतं.

इझाल्तिना तिला शोधत वाळूची टेकडी चढून वर आली, तेव्हा खालच्या तळ्यात एक तरुण गुडघाभर पाण्यात उभा होता. एका हातात बूट, दुसऱ्या हातात बारोनेझाचं शिंग. आणि बारोनेझाच्या तोंडात त्याची गवती टोपी — निम्मी तोंडात, निम्मी पोटात.

"ही तुमची का?" तो खालून ओरडला.

"काय, टोपी की शेळी?"

"टोपी माझी..." त्याने एकवार नीट पाहिलं. "माझी होती."

इझाल्तिनाला हसू आवरेना. तशीच घसरत, वाळूचा लोट बरोबर घेत ती खाली आली. जून सरत आलेला, पावसाने नुकता हात आखडता घेतलेला. प्रत्येक दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात पाणी साठलं होतं, एक तळं निळं, शेजारचं हिरवं. समुद्रावरून आलेला वारा पांढऱ्या वाळूवर बारीक चुण्या पाडत होता. आणि या सगळ्यात तो उभा... उन्हाने नाक लाल झालेला, केसांतून पाणी गळणारा.

"शिंग सोडा. शिंग धरलं की तिला राग येतो."

"आणि टोपी खाल्ली की मला येतो."

"मग तिला तसं सांगा. पण अदबीने हं. बारोनेझा नाव आहे तिचं."

त्याने खरंच शिंग सोडलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, "बाईसाहेब, आपलं जेवण झालं असल्यास..." बारोनेझा शिंकली. उरलेली टोपी पाण्यात पडली.

दोघंही हसली. त्या हसण्यात नजरेला नजर भिडली, आणि इझाल्तिनाला उगीचच आपल्या झग्याची ओली किनार पिळावीशी वाटली.

"हरवलात वाटतं?"

"छे! मागे राहिलोय. आमची चालणारी मंडळी पुढे गेली. मी जरा वारा ऐकत थांबलो होतो. डोळे उघडले, तर कुणी नाही."

"इथे हरवलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. मी हरवलो नाही, मागे राहिलोय."

"आणि मग?"

"मग शेळीमागून येतो. चला."

त्याचं नाव अनातोलियो. सांव लुईस शहरात सानफोना दुरुस्त करायचं त्याचं लहानसं दुकान. सानफोना म्हणजे गळ्यात अडकवून भाता ओढत वाजवायची पेटी. वर्षभर लोकांच्या पेट्यांतली गंजलेली पाती बदलून त्याचे कान विटले, म्हणून ही टेकड्यांची वाट पायी चालायला तो आला होता. आणि इथे येऊन काय केलं, तर वारा टेकडीच्या धारेवरून जाताना कुठला सूर धरतो तेच ऐकत बसला.

"तू गुणगुणते आहेस ते काय?" चालता चालता त्याने विचारलं आणि जीभ चावली. "माफ करा... तुम्ही."

"तूच म्हण," इझाल्तिना म्हणाली. "आमच्या शेळीने तुझी टोपी खाल्ली. आता तू घरचाच." आणि थोडं थांबून, "लादाइन्या आहे ती. आज संत जुआंवची शेकोटी. मावशी म्हणते, मी मागून झेलते."

आमच्या बाइशा वेर्देत, म्हणजे वाळूच्या मधोमध काजूच्या नि माडांच्या सावलीत वसलेल्या आमच्या मूठभर घरांत, पाद्री कधीमधी येतो. जीप रुतली नाही तर. मधल्या काळात देव आमच्याकडे येतो तो फ्राझिया मावशीच्या गळ्यातून. मावशी एकेका संताचं नाव सुरात उचलते, आणि आम्ही सगळे खालून 'आमच्यासाठी विनव' म्हणत ते झेलतो. हीच लादाइन्या. मध्येच ती थांबते, डोक्यावरचा रुमाल सारखा करते आणि त्या संताची गोष्ट सांगायला घेते. अशी सांगते, जणू काल संध्याकाळी तो हिच्याच ओट्यावर कॉफी पिऊन गेला. हसवता हसवता कधी डोळे पुसायला लावेल सांगता येत नाही. आणि मग अचानक पुन्हा सूर, पुन्हा नाव, पुन्हा आम्ही. ज्याने ते ऐकलं नाही त्याला काय सांगावं... ज्याने ऐकलं त्याला सांगायला नको.

मावशीला मूल नाही. इझाल्तिना तिच्या बहिणीची मुलगी, तिच्याच गळ्याची. मावशीचा आवाज आता वर चढताना धापा टाकत होता, आणि लादाइन्या पुढे कुणाच्या हाती जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

अनातोलियोची मंडळी आमच्याकडेच उतरली होती. त्यांच्या वाटाड्याने त्याला सगळ्यांसमोर झापलं, मावशीने त्याला मक्याची खीर वाढली, आणि ऊन उतरताच घरापुढची शेकोटी पेटली.

लादाइन्या झाली. त्या दिवशी अनातोलियो मांडीवर हात ठेवून असा बसला होता की खीर गार झाली तरी त्याला भान नव्हतं. मावशीचा सूर दमला आणि तिथून इझाल्तिनाने तो अलगद उचलला, तेव्हा त्याची मान वर झाली, ती खाली आलीच नाही.

हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. इझाल्तिनाची चुलत बहीण झेनाइदा हिने तर जरा जास्तच पाहिलं.

"काय गं," ती भाजलेलं कणीस सोलत म्हणाली, "टोपी शेळीने खाल्ली. काळीज कुणी खाल्लं?"

"गप बस."

"मी गपच आहे. तोच बघ ना, धूर सगळा त्याच्या डोळ्यांत जातोय तरी जागा सोडत नाही. का, तर इथून तू दिसतेस!"

भोवतालचे खो-खो हसले. म्हातारे होनोरातो काका तर खोकेपर्यंत हसले. इझाल्तिनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या... शेकोटीने म्हणावं, तर शेकोटी लांब होती.

संत जुआंवच्या शेकोटीवर आम्ही नाती जोडतो. हातात हात घेऊन आगीभोवती तीन फेऱ्या घालायच्या आणि प्रत्येक फेरीला म्हणायचं, 'संत जुआंवने सांगितलं, संत पेद्रूने पक्कं केलं' — पुढे जे नातं हवं ते. कुणी चुलत भाऊ होतं, कुणी धर्माची आई होतं. लग्न ठरलेली जोडपी नवरा-नवरी होतात.

"चल, इझाल्तिना!" झेनाइदाने हाळी दिली. "धर त्याचा हात! म्हण नवरदेव!"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्याचीही वळली. त्या नजरेत एक प्रश्न होता, भित्रा, पण खरा. इझाल्तिनाने एकदाच हो म्हणून मान हलवली असती, तर बस्स... पण माणसं हसत होती. उद्या हा निघून जाईल आणि मागे हे हसू तेवढं राहील, असं तिच्या मनात आलं.

"कोण? हा?" ती ताडकन उठली. "हा माझा कोंपाद्री!"

आणि त्याचा हात धरून तिने तीन फेऱ्या घातल्या, भराभर, जणू निखाऱ्यावरून. तोही हसत हसत मागोमाग बोलला, कोंपाद्री आणि कोमाद्री. शहरात हा खेळ सकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

इथे राहतो. कोंपाद्री-कोमाद्री म्हणजे देवासमोर एकाच लेकराचे धर्माचे आईबाप व्हावेत, तसं नातं. सख्ख्या भावाबहिणीपेक्षा सोवळं. त्यांनी एकमेकांना अहो-जाहो करायचं, एकमेकांच्या मदतीला धावायचं, पण एकमेकांकडे तशा नजरेने... कधी नाही. जे पाहतात, त्यांचं मेल्यावर काय होतं तेही लहान मुलांना ठाऊक असतं. अंधारात टेकड्यांवरून जो उजेड पळताना दिसतो ना, तो त्यांचाच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या मावशीने वाजवल्या नाहीत. ती भाचीकडे बघत होती.

"शब्द दिलात," ती एवढंच म्हणाली. "आता जपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी निघाली, आणि अनातोलियो निघाला नाही. आमच्या देवळात खुंटीला एक जुनी सानफोना लटकत होती. तिचा वाजवणारा केव्हाच देवाघरी गेलेला, भाता फाटलेला, खाऱ्या वाऱ्याने पाती खाल्लेली. तो तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, संत पेद्रूच्या सणापर्यंत, चार-पाच दिवसांत, मी हिला बोलती करतो."

"राहा की," मावशी म्हणाली. "कोंपाद्री झालास. आता तुला परका कोण म्हणणार?"

आणि गंमत बघा! ज्या नात्याने कुंपण घातलं, त्याच नात्याने फाटकही उघडलं. परक्या पोरासोबत इझाल्तिनाला कुणी घटकाभर बसू दिलं नसतं. कोंपाद्रीसोबत ती दिवसभर काजूच्या झाडाखाली बसली तरी कुणी भुवई उचलली नाही.

तो पाती एकेक काढून तिच्या ओंजळीत ठेवायचा. मग म्हणायचा, "कोमाद्री, वरचा सूर द्या जरा." ती सूर द्यायची, तो पातं घासायचा, फुंकर मारायचा, पुन्हा घासायचा. पातं तिच्या सुराला येऊन मिळेपर्यंत.

"कोंपाद्री, तुम्ही ऐकताय की बघताय?"

"सूर कुठून निघतो ते बघावं लागतं, कोमाद्री. आमच्या धंद्यात तसंच आहे."

"तुमच्या धंद्यात पेटीकडे बघतात."

"पेटी इतकी सुरात नसते हो."

झेनाइदा पाण्याची घागर घेऊन जाता जाता म्हणायची, "किती बाई अदबशीर कोंपाद्री! आमच्या नशिबी असा एकही नाही!" आणि इझाल्तिना हातातलं पातं तिच्यावर उगारायची.

पण 'अहो' म्हणताना दोघांच्या जिभेला काहीतरी बोचायचं. पहिल्या दिवशीचं ते 'तू'... घटकाभराचंच होतं, पण विसरता येईना.

मग एका दुपारी मासे आणायला दोघं समुद्राच्या वाटेने निघाली, आणि टेकड्यांच्या मधोमध उशिराच्या एका सरीने गाठलं. पळायला आडोसा नाही. नुसती पांढरी वाळू आणि पाऊस. थेंब पडला की वाळूवर बारीक खळगा उमटायचा आणि लगेच बुजायचा. इझाल्तिनाने माशांची टोपली डोक्यावर धरली, त्याने टोपलीची दुसरी बाजू धरली. दोघांच्या मध्ये एका वितीचं अंतर. टोपलीतून गळणारं पाणी दोघांच्याही तोंडावर, आणि दोघंही हसणारी... मग कुणाचं तरी हसू आधी थांबलं.

"इझाल्तिना—"

"कोमाद्री म्हणा."

"नाही म्हणवत."

ती एक पाऊल मागे सरली. टोपली त्याच्याच हातात राहिली. "तुम्ही तो उजेड पाहिलेला नाही, टेकड्यांवरून पळणारा."

तो हसणार होता. तिचा चेहरा पाहून हसू ओठांवरच विरलं.

"तुमच्याकडे तो खेळ असेल," ती म्हणाली. "आमच्याकडे शब्द आहे. मी तो दिलाय, तीनदा, सगळ्यांसमोर. आणि पेद्रूच्या सणाला मावशी लादाइन्या माझ्या हाती देणार आहे. लहानपणापासून मी याचीच वाट बघितली, अनातोलियो. जिचा शेकोटीवरचा शब्द खोटा निघाला, तिच्या तोंडचं देवाचं नाव कोण झेलेल?"

पाऊस थांबला होता. कुठून तरी वारा पुन्हा आपला सूर धरू लागला.

"खोटा निघाला, म्हणालात," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तो..."

ती झग्याची किनार पिळत राहिली.

"बरं," तो म्हणाला. "तुमचं गाणं माझ्यापायी थांबायला नको. पेटी होतच आली. सणाला वाजवीन, आणि सकाळी ओहोटीला किनाऱ्यावरून माशांची जीप निघते तिने जाईन." आणि ओली टोपली त्याने जपून तिच्या हातात दिली... जणू तीच फुटणारी होती.

त्यानंतर दोघं फार नीट वागली. इतकी नीट, की झेनाइदाचीही थट्टा बंद पडली.

सणाच्या सकाळी इझाल्तिना बारोनेझाचं दूध काढत बसली होती. मावशी चुलीशी कंदाचा रवा भाजत होती. "आज गोष्ट तूच सांगायची," ती म्हणाली. "मी दरवर्षी माशांनी भरलेल्या जाळ्याची सांगते. तुला हवी ती घे. पेद्रूच्या गोष्टींना तोटा नाही."

धार भांड्यात वाजत होती. मग ती वाजायची थांबली.

"मावशी... पेद्रू शेकोटीपाशीच खोटं बोलला होता ना?"

मावशीचं उलथनं थांबलं. तिने मान वळवली नाही. "बोलला होता. का गं?"

"काही नाही."

बारोनेझाने तेवढ्यात भांड्याला लाथ मारली आणि दूध वाळूने पिऊन टाकलं.

पेद्रू हा कोळ्यांचा संत, म्हणून त्याची शेकोटी आम्ही समुद्रावरच पेटवतो. दिवस मावळतीला टेकलेला, कोळ्यांच्या माडाच्या झापांच्या झोपड्या, ओढून ठेवलेल्या होड्या, निखाऱ्यांवर चरचरणारी बोय मासळी. सगळी बाइशा वेर्दे वाळूवर बसली होती. अनातोलियोच्या गळ्यात सानफोना होती, भाता शिवलेला, बटणं पुसून लख्ख. आणि पायाशी त्याची बांधलेली पिशवी. तिच्याकडे इझाल्तिनाने एकदाच पाहिलं.

मावशीने पहिलं नाव उचललं. दुसरं उचलताना श्वास तुटला. ती हसली, हातातली जपमाळ काढली आणि भाचीच्या मनगटावर घातली.

इझाल्तिनाने सूर लावला. त्याच क्षणी सानफोनाने खालून त्याला हात दिला. काय सांगू तुम्हाला! तिच्याच गळ्यावर जुळवलेली पाती ती. आवाज कुठे संपतो आणि पेटी कुठे सुरू होते कळेना. एकेक नाव लाटेसारखं वर चढत होतं, आणि आम्ही 'आमच्यासाठी विनव' म्हणत खालून झेलत होतो. होनोरातो काकांनी डोळे मिटले. लहान पोरं मासे विसरली.

मग ती थांबली. रुमाल सारखा केला, थेट मावशीसारखा.

"पेद्रू," ती म्हणाली, "तुमच्या-आमच्यासारखा. हात जाळ्याने सोललेले, तोंड मनाच्या आधी धावणारं. प्रभूवर त्याचा जीव होता. पण प्रभूला पकडून नेलं, त्या थंडीत पेद्रू अंगणातल्या शेकोटीपाशी शेकत बसला. भोवती माणसं. आणि एक मुलगी. ती काही वाईट नव्हती हो. जरा तोंडाळ होती, एवढंच."

"आता माझ्याकडे कशाला बघतेस?" झेनाइदा म्हणाली, आणि सगळे हसले.

"ती म्हणाली, अरे, तूही त्याच्याबरोबरचाच ना? सगळ्यांच्या माना वळल्या. पेद्रूचे कान तापले. आणि ज्याच्यासाठी तो घरदार सोडून आला होता, त्याच्याबद्दल तो काय म्हणाला? कोण तो? मी नाही ओळखत. एकदा नाही, तीनदा म्हणाला. जीव नव्हता म्हणून नाही. लोक बघत होते म्हणून."

आता कुणी हसत नव्हतं.

"मी पेद्रूचीच भाची आहे," इझाल्तिना म्हणाली. "जुआंवच्या शेकोटीपाशी तुम्ही हसलात आणि मी घाबरले. मी म्हणाले, हा माझा कोंपाद्री. तो माझा कोंपाद्री नाही. ज्या क्षणी म्हणाले त्या क्षणीही नव्हता. मी तीन फेऱ्या खोट्या घातल्या. दोष त्याचा नाही, त्याला इथली रीत ठाऊक नव्हती." तिने जपमाळ मनगटावरून काढली. "खोट्या तोंडाने देवाचं नाव घ्यायला मला जमणार नाही, मावशी. ही घे."

सानफोनाचा भाता अर्धा उघडा राहिला होता. त्यातून एक बारीक सूर आपोआप निघत होता, अनातोलियोला त्याचं भान नव्हतं.

मावशीने जपमाळ घेतली नाही.

"ही कुठली पद्धत?" ती कडाडली. "अर्धी गोष्ट सांगून माळ परत द्यायची? मी तुला हेच शिकवलं?" आणि धापा टाकत, वाळूत काठी रोवत, ती उभी राहिली. "उरलेली मी सांगते. ऐका. पुढे, मरणातून उठल्यावर, एका सकाळी प्रभू समुद्रावर आला. असाच किनारा. अशाच होड्या. त्याने निखारे पेटवले, मासे भाजायला ठेवले आणि पेद्रूला म्हणाला, ये, जेव. पेद्रूची वर बघायची हिंमत होईना. त्याला वाटलं, आता विचारणार, का खोटं बोललास? विचारलं का तसं? सांगा की!"

"नाही!" आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"मग काय विचारलं?"

"जीव आहे का माझ्यावर!"

"किती वेळा?"

"तीन वेळा!"

"जितक्या वेळा खोटं, तितक्या वेळा. एकेका खोट्यावर एकेक हो ठेवून घेतला, आणि आपली सगळी मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच पेद्रूच्या हाती दिली. दुसऱ्या कुणाच्या नाही." मावशी भाचीकडे वळली. "जुआंवच्या आगीवर तू म्हणालीस, पेद्रूने पक्कं केलं. पेद्रूला विचारलं होतंस? त्याची आग तर आत्ता पेटतेय. ऊठ! त्या फेऱ्या उजवीकडून घातल्यास, आता डावीकडून घाल. मी विचारते. आणि तू रे, टोपीवाल्या! बसलास काय?"

"टोपी गेली, मावशी," अनातोलियो उठता उठता म्हणाला. "आता जायला काहीच उरलं नाही."

"थांब जरा," होनोरातो काका पुढे सरसावले. "सगळं खरं, फ्राझिया. पण टेकड्यांवरचा तो उजेड? आमचे वाडवडील काय वेडे होते?"

मावशी अगदी हळू बोलली. "होनोरातो, तो उजेड खरं बोललेल्यांचा नाही. मनात असून कधी बोललेच नाहीत त्यांचा आहे. म्हणून तर पळतोय बिचारा. अजून कुणाला तरी सांगायचं राहिलंय त्याचं."

होनोरातो काकांनी टोपी काढली आणि खूप वेळ हातातच फिरवत बसले.

पहिली फेरी. "जीव आहे याच्यावर?"

"हो," इझाल्तिना कुजबुजली.

"मला ऐकू आलं नाही. कान म्हातारे झाले माझे."

दुसरी फेरी. "हो!"

"समुद्राचाच आवाज येतोय नुसता."

तिसऱ्या फेरीला इझाल्तिनाने तो 'हो' म्हटलाच नाही, तिने तो गायला. लादाइन्याच्या सर्वांत वरच्या सुरात, जिथे मावशीही तरुणपणी जपून जायची. सानफोना तिच्या पाठोपाठ वर चढली. आणि आम्ही... आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण सवयीने, प्रेमाने, सगळ्या किनाऱ्याने तो खालून झेलला. सगळ्यांत मोठा आवाज झेनाइदाचा होता. रडत रडत गात होती बया.

"आणि तू?" मावशीने त्याला विचारलं.

"मी त्या तळ्यातच हो म्हटलं होतं," अनातोलियो म्हणाला. "शेळी साक्षीला आहे. तरी तीनदा म्हणतो. हो. हो. हो."

"मग म्हणा सगळे. संत जुआंवने घाईत ऐकलं, संत पेद्रूने नीट विचारलं!"

आम्ही म्हटलं. ठिणग्या उडाल्या, कुणीतरी होडीच्या फळीवर ताल धरला, आणि मावशीने ती जपमाळ पुन्हा इझाल्तिनाच्या मनगटावर घातली. या वेळी दोन वेढे देऊन.

सगळे नाचायला उठले तेव्हा ती दोघं तिथेच उभी होती, अजून धाप लागलेली.

"सकाळी जीप आहे," इझाल्तिना म्हणाली. "जाणार आहात?"

"जाणार आहे. दुकानाची किल्ली भावाला द्यायची आहे, आणि आईला घेऊन यायचं आहे." तो घुटमळला. "पण तुम्ही... म्हणजे तुम्हाला..."

तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. जपमाळेचा मणी त्याच्या हनुवटीला टेकला.

"तू म्हण," ती म्हणाली.

तो हसला. पहिल्या दिवशीचं, पाण्यात उभं राहून हसलेलं तेच हसू.

"तू," तो म्हणाला. आणि मग, जणू अजून एक पातं सुरात लावून बघावं तसं, पुन्हा एकदा... "तू."

मागे काहीतरी कुरकुरलं. दोघांनी वळून पाहिलं. बारोनेझा कुणाच्याही नकळत एवढं अंतर मागोमाग चालत आली होती, आणि त्याच्या बांधलेल्या पिशवीचा पट्टा जवळजवळ खाऊन झाला होता.